घड्याळ तेरा ठोके देतं तेव्हा : 'टॉम्स मिडनाइट गार्डन' का वाचायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. एपिसोडमध्ये मधेच कुकरची शिट्टी ऐकू येते, तेवढी इथून काढली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय, थोडं सावरून.

आजचं पुस्तक माझ्या हाती कसं आलं ते आधी सांगतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर मी उभा होतो. घ्यायचं होतं डेटाबेसवरचं एक जाडजूड पुस्तक. ते मिळालं नाही. त्याच ढिगात एक पातळ, कडा पिवळी पडलेली इंग्रजी कादंबरी होती. मुलांची. ऐंशी रुपये. मी घेतली, कारण त्या आठवड्यात माझी रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी होती आणि लॅपटॉपसमोर जागं राहायला काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या रात्री साडेतीनला पुस्तक संपलं. सर्व्हर सगळे ठीक होते, मी नव्हतो.

पुस्तकाचं नाव 'टॉम्स मिडनाइट गार्डन', म्हणजे टॉमची मध्यरात्रीची बाग. लेखिका फिलिपा पिअर्स. पहिली आवृत्ती १९५८ ची, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची. इंग्रजी बालसाहित्यात 'टाइम-स्लिप' नावाचा जो प्रकार आहे, त्यातलं हे सगळ्यात गाजलेल्या पुस्तकांपैकी एक. आज तीन गोष्टी करू : टाइम-स्लिप म्हणजे काय ते समजून घेऊ, या गोष्टीतलं काळाचं गणित कसं चालतं ते बघू, आणि हे का वाचावं, कसं वाचावं ते सांगतो. शेवट सांगणार नाही. या पुस्तकाचा शेवट फोडणं म्हणजे पाप आहे, त्यामुळे निर्धास्त वाचा.

टाइम ट्रॅव्हल वेगळं, टाइम-स्लिप वेगळं

टाइम ट्रॅव्हल म्हटलं की आपल्याला यंत्र आठवतं. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' १८९५ ची. तिथे माणूस खुर्चीत बसतो, दांडी ओढतो आणि हव्या त्या काळात जातो. म्हणजे कंट्रोल त्याच्या हातात. तारीख टाका, एंटर दाबा.

टाइम-स्लिपमध्ये यंत्र नसतं. माणूस चालता चालता काळातून घसरतो. ओल्या फरशीवरून पाय सटकावा तसा. कधी घसरणार, कुठे पडणार, परत कसा येणार, काही माहीत नसतं. बहुतेक वेळा हे एखाद्या जागेशी किंवा वस्तूशी बांधलेलं असतं : जुनं घर, पलंग, ताईत, घड्याळ. आणि त्यामागचं विज्ञान लेखक सांगत बसत नाही.

हा प्रकार जुना आहे. मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीत अमेरिकेतल्या एका माणसाच्या डोक्यावर फटका बसतो आणि तो थेट राजा आर्थरच्या दरबारात जागा होतो. ई. नेस्बिट या लेखिकेने १९०६ मध्ये ताईतामधून मुलांना प्राचीन इजिप्त आणि बॅबिलॉनला पाठवलं. ॲलिसन अटली यांच्या १९३९ च्या 'अ ट्रॅव्हलर इन टाइम'मध्ये एक मुलगी जुन्या शेतघरातलं दार उघडते आणि सोळाव्या शतकात पोचते.

तुमच्यापैकी ज्यांनी सीबीएसईची अकरावी केली आहे, त्यांना इंग्रजीच्या पुस्तकातली जयंत नारळीकरांची पानिपतावरची गोष्ट आठवत असेल. त्यात गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन येतात, जिथे पानिपतात मराठे जिंकलेले असतात. ती टाइम-स्लिप नव्हे, ते समांतर जग आहे, आणि नारळीकर त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरणही देतात. पण 'आपण होतो तिथेच आहोत, तरी सगळं वेगळं आहे' ही जी चक्रावलेली भावना गंगाधरपंतांना होते ना, टाइम-स्लिपची चव साधारण तशी असते.

गोष्ट काय आहे?

टॉम लाँग हा शाळकरी मुलगा. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. धाकटा भाऊ पीटर आणि तो मिळून घरच्या बागेत झाडावर घर बांधणार, असा बेत ठरलाय. आणि पीटरला गोवर येतो. टॉमला लागण होऊ नये, आणि झाली असलीच तर त्याच्याकडून दुसऱ्यांना होऊ नये, म्हणून त्याला काका-मावशीकडे पाठवून देतात. मावशी ग्वेन, तिचा नवरा ॲलन. हे पुस्तक लॉकडाऊनमधून गेलेल्या आपल्या पिढीला पहिल्या पानापासून कळतं. घरात कोंडलेला, बाहेर कुणाला भेटायचं नाही, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

काका-मावशी राहतात एका मोठ्या जुन्या वाड्यासारख्या घरात. पण ते घर आता कापून-जोडून फ्लॅट केलेत. पाठीमागे बाग नाही. फरसबंद अरुंद जागा, कचऱ्याचे डबे, एक गाडी, झालं. खालच्या हॉलमध्ये एक उंच जुनं लंबकाचं घड्याळ आहे. ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंचं, मिसेस बार्थोलोम्यू यांचं. घड्याळाचे काटे बरोबर वेळ दाखवतात, ठोके मात्र कितीही पडतात. म्हणजे डिस्प्ले बरोबर, ऑडिओ चुकीचा.

मावशी प्रेमाने भरपूर खायला घालते, दिवसभर हालचाल शून्य. त्यामुळे टॉमला झोप येत नाही. ॲलनकाकांचा नियम : दहा तास अंथरुणात पडलंच पाहिजे. एका रात्री टॉम जागा पडून ठोके मोजतोय. अकरा, बारा... आणि तेरावा. तेरा वाजतातच कसे? तो उठून खाली येतो. अंधारात घड्याळ दिसत नाही. चंद्राचा उजेड आत यावा म्हणून तो मागचं दार उघडतो.

बाहेर कचऱ्याचे डबे नसतात. चंद्रप्रकाशात एक मोठी थोरली बाग असते. हिरवळ, फुलांचे ताटवे, यूची झाडं, एक उंच फर वृक्ष.

मग तो रोज रात्री जायला लागतो. तिथे त्याला हॅटी भेटते. आईबाप नसलेली, काकूच्या आश्रयाला राहिलेली मुलगी. काकू तिला टोचून बोलते, तिन्ही चुलतभाऊ तिला खेळायला घेत नाहीत. ती एकटी बागेत लपायच्या जागा शोधते आणि स्वतःला राजकन्या समजते. टॉम आणि हॅटीची मैत्री होते. ती त्याला बागेतली गुपितं दाखवते, तो तिला धनुष्यबाण करायला शिकवतो, दोघं मिळून झाडावर घर बांधतात. जे पीटरबरोबर करायचं राहिलं होतं, ते इथे होतं.

आणि दिवसा टॉम पीटरला पत्रं लिहितो, सगळं सांगतो. प्रत्येक पत्रावर तीन अक्षरांची खूण : वाचून झालं की जाळून टाक. आजच्या भाषेत डिसॲपियरिंग मेसेज. फक्त काडेपेटी पीटरने आणायची.

आता जरा काळाचं गणित

माझं रोजचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या सिस्टिमचे नियम ओळखणं. कागदपत्रं नसतात, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, फक्त लॉग बघून ठरवायचं की आत काय चाललंय. टॉमही नेमकं तेच करतो. त्याला कुणी नियम सांगत नाही. तो प्रयोग करतो, नोंदी ठेवतो, अंदाज बांधतो, अंदाज चुकतो. त्याने शोधलेले नियम असे आहेत.

पहिला नियम, दोन घड्याळं. बागेत कितीही वेळ घालवला तरी परत आल्यावर घरात जेमतेम काही मिनिटं गेलेली असतात. टॉम फ्लॅटच्या दारात सपाता अडकवून जातो, दार आपोआप लॉक होऊ नये म्हणून. परत येतो तेव्हा सपाता तशाच.

दुसरा नियम, क्रम सरळ नाही. एका रात्री वादळात बागेतला फर वृक्ष वीज पडून कोसळतो. टॉम स्वतः बघतो. पुढच्या वेळी जातो तर तोच वृक्ष जागच्या जागी उभा! मी हे वाचताना हसलो, कारण त्याच आठवड्यात आमच्याकडे लॉगमधल्या ओळी मागेपुढे होऊन येत होत्या. नंतरची घटना आधी, आधीची नंतर. एक सर्व्हर भारतीय वेळ लिहीत होता, दुसरा ग्रिनिच. साडेपाच तासांचा घोळ. टॉमकडे असा सोपा खुलासा नाही. हॅटी कधी त्याच्याएवढी भेटते, कधी अगदी लहान, रडत असलेली. त्याच्यासाठी रोजची रात्र असते. तिच्यासाठी मधे महिनोन्महिने गेलेले असतात.

तिसरा नियम, टॉम तिथे अर्धवट आहे. दवावरून चालला तर पावलं उमटत नाहीत. दार ढकललं तर उघडत नाही, पण जोर लावला तर तो दारातून आरपार जातो, आणि ते वर्णन वाचताना पोटात ढवळतं. झाडावर मात्र त्याला चढता येतं. तो फार थोड्यांना दिसतो : हॅटीला, प्राण्यापक्ष्यांना, आणि आणखी एका माणसाला, ज्याचं नाव मी सांगणार नाही, कारण ते कळतं तो प्रसंग झकास आहे.

यातून एक कडाक्याचं भांडण होतं. दोघांपैकी भूत कोण? टॉमच्या मते हॅटी भूत, कारण ती जुन्या काळातली. हॅटीच्या मते टॉम भूत, कारण तो दारातून आरपार जातो. दोघांचेही मुद्दे बिनतोड. रडारडीपर्यंत प्रकरण जातं. मग टॉम काकांच्या घरातला विश्वकोश काढून हॅटीच्या कपड्यांवरून तिचा काळ ठरवायला बसतो. मुलांच्या पुस्तकात इतकं नीटस संशोधन मी पहिल्यांदाच वाचलं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, बर्फावरचे स्केट्स. एका हिवाळ्यात नदी गोठलेली असते. हॅटीकडे स्केट्स आहेत, टॉमकडे नाहीत. टॉम एक युक्ती काढतो. हॅटीची खोली आणि टॉमची खोली एकच, फक्त मधे अनेक वर्षं. तो तिच्याकडून वचन घेतो : तुला स्केट्स नको होतील तेव्हा आपल्या खोलीतल्या लपवायच्या जागेत ठेवून दे. मग तो आपल्या काळात येऊन ती जागा उघडतो.

विचार करा. ते स्केट्स घेऊन तो बागेत गेला तर काय होईल? एकच जोड. एकाच वेळी दोघांच्या पायांत. एक नवा, एक जुना, आणि तरी तोच. प्रोग्रामिंगमध्ये एकाच वस्तूला दोन नावं असतात ना, तसं काहीसं. पण कुठलाही ट्युटोरियल हे इतकं सुंदर समजावू शकणार नाही. दोघं त्या गोठलेल्या नदीवरून स्केटिंग करत इली नावाच्या गावापर्यंत जातात, जिथे मोठं कॅथीड्रल आहे. पुस्तकात गावाचं नाव कॅसलफर्ड आहे, पण ते केंब्रिजच आहे हे उघड गुपित. केंब्रिज ते इली अंतर साधारण २५ किलोमीटर. आणि अशी थंडी ही कल्पना नाही बरं का. १८९४-९५ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये नद्या खरोखर गोठल्या होत्या, थेम्सवर बर्फाचे तुकडे वाहत होते.

हे सगळं आलं कुठून?

फिलिपा पिअर्स यांचा जन्म १९२० चा. केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्ड गावात वडिलांची पिठाची गिरणी होती, नदीकाठी. त्या घराला मिल हाउस म्हणत. तिथली बाग हीच या कादंबरीतली बाग. वडील म्हातारे झाले, आणि गिरणी नि घर विकायची वेळ आली. त्या सुमाराला पिअर्स यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. घर जाणार होतं, म्हणून त्यांनी बाग पुस्तकात लावून ठेवली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या पुन्हा त्याच गावात राहायला आल्या. २००६ मध्ये त्या गेल्या.

आपल्यासारख्या कानाने जगणाऱ्यांसाठी एक खास माहिती : पिअर्स यांनी १९४५ पासून तेरा वर्षं बीबीसीच्या शालेय रेडिओ विभागात काम केलं. मुलांसाठी नभोवाणीचे कार्यक्रम लिहायच्या. म्हणून त्यांची वाक्यं मोठ्याने वाचली की छान चालतात. १९५१ मध्ये त्यांना क्षयरोग झाला आणि ऐन उन्हाळ्यात हॉस्पिटलमध्ये पडून राहावं लागलं. तेव्हा त्या मनातल्या मनात लहानपणच्या नदीवर होडीतून फिरत. त्यातून पहिली कादंबरी आली, 'मिनो ऑन द से', १९५५ ची. आजारपणामुळे कोंडलेलं मूल आणि मनातली बाहेरची दुनिया, हे टॉमच्या गोष्टीतही आहेच.

काळाबद्दलच्या कल्पनांवर जे. डब्ल्यू. डन यांची छाया आहे असं मानतात. हे डन विमानं बनवणारे इंजिनियर. १९२७ मध्ये त्यांनी काळ आणि स्वप्नांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भूत-वर्तमान-भविष्य सगळं एकत्रच असतं, आणि झोपेत मन त्यात इकडेतिकडे हिंडू शकतं. विज्ञानाने हे स्वीकारलेलं नाही. पण कथाकारांना त्याने बरंच खाद्य दिलं.

मूळ आवृत्तीतली चित्रं सुझन आइनझिग यांची. त्या बर्लिनच्या. १९३९ मध्ये ज्यू मुलांना जर्मनीतून बाहेर काढणाऱ्या शेवटच्या गाड्यांपैकी एका गाडीतून त्या किशोरवयात इंग्लंडला आल्या. मागे राहिलेलं घर म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हे वाचल्यावर ती चित्रं परत बघा.

पुस्तकाला १९५८ सालचं कार्नेगी पदक मिळालं. ब्रिटनमध्ये बालसाहित्याचा हा मोठा मान. २००७ मध्ये पदकाला सत्तर वर्षं झाली म्हणून आजवरच्या विजेत्यांतून सर्वोत्तम पुस्तक लोकांनी निवडायचं ठरलं. पहिला नंबर फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'चा, दुसरा टॉमच्या बागेचा. तेव्हा पुलमन म्हणाले, आद्याक्षरं बरोबर निवडलीत, नाव चुकलं. म्हणजे फ. पु. नको, फ. पि. हवं होतं. जिंकलेल्याने हे म्हणावं, यात सगळं आलं.

वाचायचं कसं?

वय : नऊ-दहा वर्षांपासून पुढे. वरची मर्यादा नाही. मी अठ्ठावीसचा आहे.

इंग्रजी १९५८ चं आहे. शब्द कठीण नाहीत, पण पहिली दोन-तीन प्रकरणं संथ आहेत. तिथे सोडू नका. तेरावा ठोका पडेपर्यंत थांबा. झाडांची नावं अडली तर अडू द्या, पुढे चला. प्रकरणं छोटी आहेत, रोज रात्री एक वाचलं तरी महिन्याभरात पुस्तक संपतं. इंग्रजी ऑडिओबुकही मिळतं. १९९९ मध्ये सिनेमा आला होता, पण आधी पुस्तक वाचा. बाग तुमची तुम्ही लावा.

मी माझ्या भाचीसाठी वेगळा मार्ग काढला. ती सहावीत. रोज रात्री नऊला फोनवर मी एक प्रकरण वाचायचो, तिथल्या तिथे मराठी करत. हॅटीची काकू बोलायला लागली की माझ्या तोंडून आपसूक खाष्ट सातारी मराठी यायची. भाचीने तिसऱ्या दिवशी वहीत दोन रकाने पाडले : 'टॉम भूत आहे' आणि 'हॅटी भूत आहे'. रोज पुरावे लिहायची. शेवटच्या प्रकरणापर्यंत रकाने जवळजवळ सारखे भरले होते. शेवटचं प्रकरण झालं तेव्हा ती फोनवर काहीच बोलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाली, "मामा, पणजीकडे झोपाळा होता का रे? लहानपणी?"

मला माहीत नव्हतं.

मागचं दार

हे एपिसोडमध्ये बोलू की नको, असा विचार करत होतो. बोललो. आता लिहूनही टाकतो.

आमचा सांगलीत गावभागात वाडा होता. पुढे ओसरी, मागे परस, परसात आड, आडाशेजारी पारिजातक. २००५ च्या महापुरानंतर भिंतींना ओल धरली ती धरलीच. शेवटी वाडा बिल्डरला दिला. आता तिथे चार मजली इमारत आहे. पारिजातकाच्या जागी दुचाकींचं पार्किंग. टॉमने दिवसा मागचं दार उघडल्यावर जे दिसतं, ते वाचताना मला ओळखीचं का वाटलं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

माझी आजी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काकांकडे राहते. वय ८६. गेली दोन-तीन वर्षं तिची आठवण मागेपुढे होते. सकाळी जेवली की नाही ते आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वी दुधाचा रतीब कुणाचा होता ते आठवतं. मी गेलो की कधी कधी मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारते. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मी काय करायचो? दुरुस्त करायचो. "आजी, मी तो नाही गं. मी तुझा नातू. पुण्याला असतो." चूक दिसली की दुरुस्त करायची, सवयच आहे ती. ती गोंधळून माझ्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. मला वाटायचं, चला, तिला जागेवर आणलं.

या पुस्तकात हॅटी मोठी होत जाते आणि टॉमला ते दिसतच नाही. तो रोज भेटतो, रोज खेळतो, आणि ती आता लहान राहिलेली नाही हे त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळतं. तिकडे हॅटीला टॉम हळूहळू विरळ दिसायला लागतो, जणू काचेचा. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो. माझी चूक त्याच्या उलट होती. मला आजी फक्त म्हातारीच दिसत आली. ती कुणाची तरी बहीण होती, परकर सावरत पळायची, हे मला माहीत होतं. पण ती माहिती होती नुसती, फॉर्ममध्ये भरायची असते तशी.

भाचीच्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी सांगलीला गेलो. आजी खिडकीपाशी बसली होती. मला बघून तिने परत भावाचंच नाव घेतलं आणि विचारलं, "पेरू आणलेस?"

या वेळी मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "नाही मिळाले गं. तुझ्या झोपाळ्याचं काय झालं?"

"तूच तर तोडलास," ती म्हणाली. मग हसली. आणि मग अर्धा तास बोलत होती. चिंचेच्या फांदीला बांधलेला दोर, तो तुटला तेव्हा ती पडली, गुडघा फुटला. भावाने घरी सांगितलं की ही पायरीवरून घसरली, कारण मुलींनी झाडावर चढलेलं आजोबांना चालायचं नाही. पुढे दोघं कृष्णेच्या घाटावर जाऊन रक्त धुऊन आले. बोलता बोलता तिने लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला. वण अजून आहे. मी तिला अठ्ठावीस वर्षं ओळखतो आणि तो वण मी कधी पाहिला नव्हता.

निघताना मला जवळ ओढून ती कानात म्हणाली, "घरी सांगू नकोस हं."

नाही सांगितलं. भाचीला तेवढं सांगितलं, कारण प्रश्न तिचा होता. तिने वहीत तिसरा रकाना पाडला आहे. त्यात काय लिहिलं ते मला दाखवत नाही.

मी लगेच काही महान सल्ला देणार नाही. आजीची तब्येत त्याने सुधारली वगैरे काही नाही. परवा तिने मला ओळखलंच नाही, कुठल्याच नावाने. पण आता मी गेलो की तिला आजच्या तारखेला ओढून आणायची घाई करत नाही. ती जिथे असेल तिथे जाऊन बसतो. कधी दार उघडतं, कधी मागे नुसतं पार्किंग असतं.

पुढे काय वाचाल?

टॉमची बाग आवडली तर अटली यांचं 'अ ट्रॅव्हलर इन टाइम' घ्या. नाहीतर पेनेलोपी फार्मर यांचं १९६९ चं 'शार्लट समटाइम्स'. त्यात बोर्डिंग शाळेतल्या एका मुलीला ठरावीक पलंगावर झोपलं की सकाळी १९१८ साल उजाडतं, आणि तिच्या जागी तिकडची मुलगी इकडे येते. 'द क्यूर' या बँडचं त्याच नावाचं गाणंही आहे, ते या पुस्तकावरूनच सुचलेलं.

पण आधी टॉम. आणि वाचून झालं की तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एक प्रश्न विचारा : तुम्ही दहा वर्षांचे असताना कुठे लपायचात? उत्तर आलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. शेवट मात्र कुणाला फोडू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. आणि रात्री घड्याळाचे ठोके नीट मोजा.